रत्नागिरी गेलीय, येईल इतक्यात

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी, एक निळी सायकल उभी असते. तिच्या दांडीवर पांढऱ्या रंगात, जाड आणि जरा उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत ‘रत्नागिरी’ असं लिहिलेलं आहे. वारज्यात ही सोसायटी नवी होती तेव्हा पलीकडे ज्वारीची शेतं होती आणि थंडीत हुरड्याचा वास इथपर्यंत यायचा. आता तिथे तीन टॉवर आहेत आणि संध्याकाळी सगळ्यांच्या घरून एकाच वेळी कुकरच्या शिट्ट्या येतात. सायकल मात्र तिथेच आहे.

मागच्या आठवड्यात लिफ्टजवळ सूचना लागली. ‘वापरात नसलेल्या व बेवारस सायकली येत्या रविवारी हलवण्यात येतील. त्यानंतर कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ त्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘आधी तरी कुठे ऐकली जाते?’ सूचना आमच्या सेक्रेटरींची. त्यांना सगळे नाना म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाकीपाशी उभे राहून ती अक्षरं वाचताना मला सापडले.

“ही रत्नागिरी कोणाची?”

“माझ्याकडे असते.”

“असते म्हणजे? तुमची आहे की नाही?”

“माझी नाही. माझी दुसरीकडे आहे.”

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मग त्यांची इकडे आणि तुमची तिकडे, हे कशासाठी? ज्याची त्याला देऊन टाका ना. सरळ काम आहे.”

काम सरळ होतं यात वादच नव्हता. वर जाऊन मी फडकं आणि तेलाची बाटली घेऊन आले. ते फडकं म्हणजे साडीच्या फॉलची एक डाळिंबी पट्टी, धुऊन धुऊन विटलेली. मागचं चाक उचलून पेडल उलटं फिरवलं तसा फ्रीव्हीलचा आवाज सुरू झाला, टिक टिक टिक, आणि मी कात्रजला जाऊन पोचले.

डिसेंबर होता. कात्रजच्या दूध डेअरीसमोर आम्ही दहा-बाराजण उजाडायच्या आधी जमलो होतो. गरम दुधाचा आणि फिनेलचा एकत्र वास येत होता आणि पलीकडे प्राणिसंग्रहालयात कुठला तरी प्राणी अधूनमधून ओरडत होता. पुणे ते रत्नागिरी, वरंध घाटाने खाली उतरून मग समुद्राच्या कडेकडेने, अशी ती सफर. ती काढणारे अण्णा, निवृत्त गृहस्थ, शिट्टी गळ्यात अडकवून हिंडत होते. जोड्या त्यांनी आधीच लावल्या होत्या. वय, गाव, ओळखपाळख काही न विचारता त्यांनी चाकाचं माप विचारलं होतं. एका मापाची चाकं असलेले दोघं एकत्र, म्हणजे जादा ट्यूब एकाने घेतली तरी चालते.

पांढरे कॅनव्हासचे बूट, सलवार-कमीज आणि हेल्मेटखाली हनुवटीशी गाठ मारलेला रुमाल अशी एक पन्नाशीची बाई सायकल हाताने धरून माझ्यासमोर आली.

“अहो, सव्वीस इंची तुम्हीच का?”

“हो. माझं नाव...”

“नाव सावकाश सांगा. पंक्चर झाली की नाव लागत नाही, ट्यूब लागते. ती आणलीय ना?”

ही नसीम. भवानी पेठेत तिचं फॉल-पिकोचं दुकान होतं. तिच्या घरात पुण्याबाहेरचं कोणी आजोबा-पणजोबांपर्यंत सापडत नव्हतं आणि हे ती न विचारता सांगायची. मी यवतमाळची, नोकरीमुळे पुण्यात आलेली, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. माझी सायकल तिच्यासारखीच निळी, त्याच कंपनीची. फरक एकच, तिच्या दांडीवर रत्नागिरी लिहिलेलं होतं आणि माझ्या दांडीवर काही नव्हतं. मला वाटलं, सफरीची हौस म्हणून लिहून घेतलं असेल. तसं नव्हतं, पण ते मला संध्याकाळी कळलं.

सायकलवर बरोबरीच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. जो पुढे असतो तो रस्त्याशी बोलतो आणि मागच्याला अर्धं ऐकू येतं. कात्रजच्या जुन्या घाटात मला दिसत होती ती तिची पाठ, रुमालाचं टोक आणि घोटे. चढावर मी मागे पडले की ती मान न वळवता विचारायची, “आहात का?”

“येऊन राहिली ना मी, हळूहळू.”

“राहिलात की येताय? एक काहीतरी ठरवा.”

बोगद्याच्या वरच्या अंगाला पोचलो तेव्हा मागे पुण्याचे दिवे अजून चालू होते. तिने एकदा वळून पाहिलं आणि म्हणाली, “चला, हद्द संपली.” त्या वाक्यात काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही. उतार लागला, पेडलं थांबली, आणि पुढे तिचं आणि मागे माझं अशी दोन फ्रीव्हीलं वाजायला लागली. तिचं जरा घोगरं वाजायचं, माझं किनरं. पुढे आठ-नऊ दिवस मी तो आवाज ऐकत गेले. आवाज आला की ती आहे, एवढं पुरायचं.

पहिला मुक्काम भोरला, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची फुलं कोपऱ्यात लोटलेली होती आणि मसालेभाताचा वास अजून जमिनीला होता. मी माझी सायकल पुसायला घेतली तर नसीमने फडकं हातातून काढून घेतलं.

“आपली आपण पुसायची नाही.”

“का?”

“आपलं आपल्याला दिसत नाही म्हणून. माझी घ्या, तुमची इकडे द्या.”

तिने पिशवीतून रंगीबेरंगी पट्ट्यांचं एक गाठोडं काढलं. दुकानातले उरलेले फॉलचे तुकडे. मला डाळिंबी पट्टी दिली, स्वतः हिरवी घेतली, आणि एका लहान बाटलीतल्या रॉकेलमध्ये तिचं टोक बुडवून माझी चेन एकेक कडी पुसायला लागली. रॉकेलच्या त्या वासात तिने तिच्या वडिलांचं दुकान सांगितलं.

दुकान भाड्याच्या सायकलींचं. तासावर सायकल मिळायची तेव्हाचं. इतर दुकानांतल्या सायकलींना नंबर असायचे, पण तिच्या अब्बांनी गावांची नावं दिली होती. सातारा, मिरज, नगर, बारामती, सोलापूर. मडगार्डवर नसीमचा भाऊ रफीक ब्रशने ती नावं लिहायचा. पुढे तो पाट्या रंगवणारा झाला, पण हात बसला तो त्या मडगार्डांवर. भाड्याची सायकल पेठांबाहेर न्यायची नाही, स्वारगेटच्या पुढे तर नाहीच, असा दुकानाचा कायदा होता. ज्या सायकलींना कुठे जायची परवानगी नव्हती त्यांना अब्बांनी लांबलांबची गावं वाटून दिली होती.

“गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, मिरज आहे का? अब्बा मान वर न करता सांगायचे, मिरज गेलीय, येईल इतक्यात. नगर घेऊन जा. बाहेरगावचा माणूस ऐकत असला तर उठून उभा राहायचा.”

दुकान बंद झालं की घरातल्या मुलांनी सायकली पुसायच्या. प्रत्येकाला एक सायकल फिरवायला नेमून दिलेली होती, पण पुसायची दुसऱ्याची. स्वतःच्या सायकलीची खोड माणूस सवयीने पोटात घालतो, दुसऱ्याच्या बोटाला ती लगेच टोचते, हे अब्बांचं म्हणणं. नसीमला फिरवायला रत्नागिरी होती. मंडईपर्यंत, फार तर लकडी पुलापर्यंत. दुकान गेलं, सगळी गावं भंगारात गेली. पन्नाशीला तिने स्वतःच्या पैशाने ही सायकल घेतली तेव्हा रफीकने न विचारता नाव टाकलं.

“आता बघायचंय,” ती म्हणाली, “जाते का.”

मग तिने विचारलं, “तुमचं गाव कुठलं म्हणालात?”

“यवतमाळ.”

तिने जरा विचार केला. “हे नाव आमच्या दुकानात नव्हतं. फारच लांब पडतं.”

मला उगीचच वाईट वाटलं. माझं गाव भाड्याच्या सायकलीवरसुद्धा नसावं! आमच्याकडे माणसं सायकलवर कैची मारून शिकायची, दांडीखालून पाय घालून, अर्धं अंग बाहेर. जिनिंगसमोरच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या उभ्या असायच्या, हवेत कापूस तरंगायचा आणि आम्ही बाबांची काळी सायकल त्या गाड्यांमधून काढायचो. सरकीचा तेलकट वास आणि गुडघ्यावरचं ओलं खरचटणं, दोन्ही मला त्या रात्री झोपताना आठवलं. नसीमच्या बाजूने मंद घोरणं येत होतं. घोरतानाही ती शिस्तीत घोरायची.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. नीरा देवघरचं पाणी सकाळी वाफाळत होतं ते आठवतं. वरंध घाटाच्या तोंडाशी टपरीवर कांदाभजी तळली जात होती आणि एक माकड नसीमच्या हँडलवर बसून तिच्याकडे रागाने बघत होतं. “पुण्याचं दिसतंय,” ती म्हणाली. घाट उतरताना ब्रेकच्या रबराचा जळका वास, आणि मध्येच कुठेतरी, एका वळणावर, हवा बदलली. देशावरची कोरडी थंडी वरच राहिली आणि खालून दमट, पाल्याचा वास असलेली ऊब अंगावर आली. आम्ही दोघींनी एकदमच स्वेटर काढले.

दापोलीच्या पुढे काजूला मोहोर आला होता. त्याचा वास गोडही नाही आणि आंबटही नाही, मला तो कधी सांगता आलेला नाही. दाभोळच्या जेटीवर डिझेल आणि ओल्या दोरखंडाचा वास. फेरीबोटीत ट्रक, गाई, नवरा-नवरीची गाडी आणि आमच्या सायकली एकमेकांना खेटून उभ्या होत्या. गुहागरला सुपारीच्या वाडीत मुक्काम होता. दिवसभर पन्हळातून पाणी वाजत होतं. घरमालकीण बाई जरा तुटक होत्या, चहाचं नाव काढेनात. नसीम त्यांना म्हणाली, “आपल्याकडे चहा मिळेल का, की विचारल्याबद्दल आधी माफी मागू?” बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की चहाबरोबर घावनही आले.

दुपारी सावली मिळेल तिथे ती नमाजाला थांबायची. तोवर मी दोन्ही सायकली धरून उभी. कुठेतरी माड हलत असायचे, कुठे कोंबड्या. त्या उभं राहण्यात काही करायचं नसे आणि घाईही नसे. आयुष्यात इतकी निवांत मी नंतर फारशी उभी राहिलेली नाही.

कधीतरी या दिवसांतच ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. नक्की कुठल्या चढावर ते सांगता येणार नाही. मी तिला नसीमताई म्हणायला लागले. संध्याकाळी पडवीत, अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात, जिथे टेकू तिथे सायकली उलट्या करायच्या, पट्ट्या काढायच्या. तिच्या सायकलीचा मागचा एक स्पोक जरासा वाकडा होता, डाव्या पेडलला एक चीर होती, सीटखाली एक गंजाचा ठिपका होता. माझ्या बोटांना ते पाठ झालं. माझ्या स्वतःच्या सायकलीवर काय आहे ते मला माहीत नव्हतं. ते तिला माहीत होतं.

रत्नागिरीत आम्ही शिरलो तेव्हा दुपार कलली होती. नाक्यावर एका शहाळेवाल्याने दांडीवरचं नाव वाचलं.

“इथलीच काय?”

“नाव इथलं,” नसीम म्हणाली. “माणूस पुण्याचा.”

बाकीचे लॉजवर गेले. ती न थांबता भाट्याच्या पुळणीकडे निघाली आणि मी तिच्या मागे. वाळूत सायकल रुतायला लागली तशी तिने उतरून हाताने ढकलली, पार पाण्यापर्यंत, आणि पुढचं चाक लाटेत घातलं. लाट आली, चाकावरून गेली. ती रुमालाचं टोक तोंडावर धरून उभी होती. मी बघायचं टाळलं, समुद्राकडे बघितलं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “खारं पाणी आहे ते. आता मलाच पुसायचंय.”

“पूस की,” ती म्हणाली. “लकडी पुलाच्या पुढे न गेलेली सायकल आहे. पूस.”

परतीला सायकली टेम्पोत टाकल्या आणि आम्ही पुढे गाडीत. आंबा घाट, कोल्हापूर, सातारा. साताऱ्याची पाटी आली तेव्हा नसीम म्हणाली, “सातारा परत आली,” आणि डोळे मिटून घेतले. कात्रज चौकात टेम्पो थांबला तो भर संध्याकाळच्या गर्दीत. मागच्या गाड्यांचे हॉर्न, हवालदाराची शिट्टी, ड्रायव्हर ओरडतोय, “ताई, लवकर घ्या, हप्ता नाय बांधलेला माझा.” अंधारात फळीवर दोन निळ्या सायकली होत्या. दोघींनी एकेक ओढली, हात हलवला, ती तिच्या घरी कोंढव्याकडे गेली आणि मी वारज्याकडे. सीटची उंची दोघींची सारखीच. घरी पोचून पार्किंगच्या दिव्याखाली मी बघितलं तर दांडीवर रत्नागिरी.

गर्दीत माझ्या हाताने नाव वाचलं नव्हतं. रोज पुसून जी सायकल ओळखीची झाली होती तीच हाताने धरली. फोन केला तर ती आधीच हसत होती.

“मला वाटलंच,” ती म्हणाली. “मी सीटखाली हात घातला, गंज लागला नाही. म्हटलं, ही बरी झाली अचानक.”

“उद्या आणून देऊ?”

“उद्या कशाला? रविवारी बघू.”

त्या रविवारी तिच्याकडे पाहुणे आले. पुढच्या रविवारी माझ्या कॉलेजात काहीतरी होतं. मग पाऊस सुरू झाला, मग तिच्याकडे ईद, मग माझ्याकडे दिवाळी. फोनवर बोलणं व्हायचं. सुरुवातीला मी विचारायचे, “माझी कशी आहे?” ती सांगायची, “मागचा ब्रेक घासत होता, केला सरळ. माझी?” मी सांगायचे, “चेनला तेल दिलं.” शेवटी ती म्हणायची, “रविवारी बघू,” आणि मीही म्हणायचे, “हो, रविवारी.” कोणत्या, ते दोघीही विचारत नव्हतो. दर दसऱ्याला पार्किंगमधल्या गाड्यांना झेंडूच्या माळा पडायच्या तेव्हा रत्नागिरीलाही मी एक छोटी माळ घालायचे. मधल्या काळात रस्ते खणले गेले, पूल झाले, पाडले गेले, परत झाले. तिचं दुकान मुलाने चालवायला घेतलं. तिचा गुडघा गेला. मी निवृत्त झाले. फोनचे निरोप झाले, निरोपांची फुलं आणि चंद्रकोरी झाल्या. सणाला ती फूल पाठवायची, मी चंद्रकोर. सायकलींचा विषय त्यात येत नव्हता.

टाकीपाशी मी चेन पुसत होते आणि नाना म्हणाले होते ते वाक्य डोक्यात फिरत होतं. सरळ काम आहे. सरळ होतं म्हणूनच तर मला ते नको होतं. ही सायकल इथे आहे तोवर तिच्याकडे जायला माझ्याकडे एक कारण होतं. परत दिली की सफर संपणार, आणि सणाला फूल पाठवणारी एक जुनी ओळख तेवढी उरणार. मला भीती वाटत होती. त्याहून मोठी भीती ही की तिने माझी केव्हाच कोणाला देऊन टाकली असेल. नाव नसलेली सायकल, गुडघा गेलेल्या बाईच्या घरात किती वर्षं राहील?

शनिवारी मी फोन केला. पलीकडे मिक्सरचा आवाज होता, तो थांबला.

“नसीमताई, मी उद्या येते. तुझी सायकल घेऊन.”

“घेऊन म्हणजे?”

“परत द्यायला. इथे सोसायटीत...”

मी सगळं सांगितलं. सूचना, नाना, रविवारची मुदत. ती ऐकत होती. मग म्हणाली, “या की. जरूर या. आपलंच घर आहे.”

‘ये’ नव्हतं, ‘या’ होतं. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं. इथे माणूस दुखावला की आवाज चढवत नाही, मान द्यायला लागतो.

रविवारी सकाळी मी रत्नागिरीवरून कोंढव्याला गेले. सर्व्हिस रोडने, ट्रकांच्या कडेने. कात्रज चौकात सिग्नलला थांबले तेव्हा डेअरीच्या बाजूने दुधाचा तोच वास आला. आता पुढे कोणाची पाठ नव्हती. उतारावर एकच फ्रीव्हील वाजत होतं, घोगरं.

तळमजल्याच्या फ्लॅटसमोर ती खुर्ची टाकून बसली होती. शेजारी काठी. केस सगळे पांढरे झाले होते, बूट मात्र तेच, पांढरे कॅनव्हासचे. तिने माझ्याकडे पाहायच्या आधी सायकलीकडे पाहिलं. वाकून सीटखाली बोट फिरवलं.

“गंज गेला.”

“घासून काढला.”

हँडलला वाळक्या झेंडूचा दोरा अडकला होता, तो तिने बोटात धरला. “हे काय?”

“दसऱ्याची माळ.”

“अब्बापण घालायचे. सगळ्या गावांना.” तिने दोरा सोडला नाही, पण आवाज पुन्हा कोरडा केला. “बसा. चहा घ्या. मग आपली सायकल घेऊन जा. मला काही आता चालवायला नकोय, पण माझी मी ठेवून घेईन. तुमच्या त्या नानांना त्रास नको.”

तिने काठीने जिन्याखाली दाखवलं. तिथे जुन्या चादरीखाली काहीतरी उभं होतं. मी चादर काढली.

माझी सायकल झळकत होती. टायर नवे, चेन ओली, रिमवर धुळीचा कण नाही. कॅरिअरला फॉलच्या हिरव्या पट्टीची घडी खोचलेली होती. आणि दांडीवर, पांढऱ्या रंगात, जाड आणि जरा उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘यवतमाळ’.

मी त्या अक्षरांवर हात ठेवला. रंग जुना होता, कडेला पोपडा सुटायला लागला होता. हे काही कालचं काम नव्हतं.

“कधी लिहिलं?”

“आपण आलो त्याच आठवड्यात. नाव नसलेली सायकल आमच्याकडे ठेवत नाहीत. रफीकला सांगितलं. तो म्हणाला, एवढं लांबचं गाव? म्हटलं, लिही. आता त्याचा हात थरथरतो. ब्रश धरत नाही.”

म्हणजे ज्या आठवड्यात ती मला रविवारी बघू म्हणाली होती त्याच आठवड्यात तिने माझ्या सायकलीला गाव दिलं होतं. ती मला परत द्यायची नाही हे तिचं तेव्हाच ठरलं होतं. इतक्या वर्षांत मी मागायला येईन याची धास्ती तिलाही होती. मी रडले असते तर चाललं असतं, पण तिच्यासमोर रडायची पद्धत नव्हती.

“नसीमताई, ही माझी सायकल नाही.”

“म्हणजे?”

“माझ्या सायकलीवर नाव नव्हतं.”

ती खुर्चीत ताठ बसली आणि वडिलांच्या दुकानात बसल्यासारखं, मान वर न करता, म्हणाली, “मग भाड्याने हवी असेल तर सांग. पण पेठांबाहेर न्यायची नाही.”

‘सांग’ म्हणाली. ‘सांगा’ नव्हे.

तिने काठीने कॅरिअरकडे खूण केली. मी हिरवी पट्टी काढून तिला दिली, पिशवीतून माझी डाळिंबी काढली. यवतमाळ तिच्या खुर्चीपाशी उलटी केली, रत्नागिरी माझ्यासमोर. रॉकेल आता मिळत नाही, शिलाई मशीनचं तेल होतं. वास वेगळा होता. मुलाने चहा आणून ठेवला तो निवला. ती बसल्या बसल्या कडी न् कडी पुसत होती आणि मला सांगत होती की यवतमाळचं पुढचं चाक थोडं डावीकडे ओढतं, माझीच सवय असणार तशी चालवायची. मला हे कधीच माहीत नव्हतं.

निघताना तिने विचारलं, “मग ही केव्हा नेणार?”

“रविवारी बघू,” मी म्हटलं.

परत आले तेव्हा आमच्या गेटसमोर भंगाराचा टेम्पो उभा होता. सोसायटीच्या सायकली त्यात चढवल्या जात होत्या, लहान मुलांच्या, तुटक्या टोपल्यांच्या, मूठ नसलेल्या. नाना हातात पेन घेऊन देखरेख करत होते. मला सायकलवरून उतरताना पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तुम्ही ही द्यायला गेला होतात ना? सकाळी टाकीपाशी जागा रिकामी बघितली मी. म्हटलं, सुटलो.”

मी सायकल टाकीशेजारी, तिच्या जागी लावली. मागचं चाक अजून फिरत होतं, टिक टिक टिक. ते थांबेपर्यंत मी थांबले.

“रत्नागिरी गेली होती,” मी म्हटलं. “आली.”